चार बाजूंचं गोणपाट

आमच्या कलासंग्रहालयात मला सगळे 'शिडी' म्हणायचे. माझं काम चित्रं टांगायचं. भिंतीला भोक पाडायचं, प्लग ठोकायचा, स्क्रू पिळायचा, लेव्हल धरायची, बुडबुडा मधोमध आला की खाली उतरायचं. अकरा वर्षं हेच केलं आणि अकरा वर्षं तात्पुरतीच होते. "शिडीला बोलवा रे," असं कुणी ओरडलं की शिडी आणि मी दोघी जायचो. नक्की कुणाला बोलावलं होतं हे विचारायच्या भानगडीत मी पडले नाही.

मी आदिवासी आहे, हे संग्रहालयाला अकराव्या वर्षी कळलं. म्हणजे माहीत होतं, अर्जावर लिहिलेलं होतं, तोंडावरही दिसतं म्हणतात. पण त्याचा काही उपयोग असतो हे कळलं नव्हतं. मग वरून एक योजना आली. तिचं नाव एवढं लांब की दारावर लावायचा फलक मला दोन तुकड्यांत टांगावा लागला: 'दृश्यकला क्षेत्रातील आदिवासी नेतृत्व' एका तुकड्यावर, 'आणि करिअर घडण योजना' दुसऱ्यावर. त्या योजनेत एक कायम पद होतं, सहायक संग्रहपालाचं. संग्रहपाल म्हणजे कुठलं चित्र कुठे लागणार आणि त्याखालच्या पाटीवर काय लिहिलं जाणार हे ठरवणारा माणूस. तो ठरवणार, मी टांगणार.

मी अर्ज केला. खुर्ची हवी होती, खोटं कशाला बोलू? शिडीवर चढून गुडघे गेलेत माझे. पण त्याहून जास्त मला एक पाटी बदलायची होती. एकच. आणि आईला डोळ्यांनी दिसतंय तोवर बदलायची होती.

ती पाटी दोन नंबरच्या दालनात होती. तिच्या वर टांगलेलं चित्र म्हणजे गोणपाटाचे चार तुकडे एकत्र शिवून केलेला दोन माणसं लांब, दोन माणसं रुंद असा एक पट. त्यावर काजळी आणि पिवळी माती. माणसं, बकऱ्या, झाडं, विहीर, भांडणं, एक बाळंतपण. हे चित्र माझ्या आईने आणि तिच्या तीन बहिणींनी काढलंय. अंगणात गोणपाट पसरायचं, चौघींनी चार बाजूंना बसायचं, प्रत्येकीने आपल्या पुढ्यातून सुरुवात करून मध्याकडे सरकायचं, आणि तोंड चालू ठेवायचं. आमच्याकडे असंच काढतात. त्यामुळे चित्राला वरची बाजू नाही आणि खालचीही नाही. प्रत्येकीच्या माणसांचे पाय तिच्या तिच्या मांडीकडे.

संग्रहालयाने ते भिंतीवर टांगलं. मग काय होणार? एका बहिणीची माणसं उभी, समोरचीची डोक्यावर, आणि दोन्ही बाजूंच्या दोघींची आडवी पडलेली. आमच्या संचालक मॅडमनी यावर पुस्तक लिहिलंय. पहिल्या प्रकरणाचं नाव 'गुरुत्वाकर्षणाला नकार'. तुकडे जिथे शिवलेत त्या शिवणींवर दुसरं प्रकरण आहे, 'चित्रकाराच्या मनातील चार फाटे'. आणि एका कोपऱ्यात काळा तेलकट ठसा आहे, तळहाताएवढा, त्यावर तर सबंध तिसरं प्रकरण. 'मुद्रा'. कलावंताने सही नाकारून आपलं अस्तित्व पटावर दाबून ठेवलं वगैरे. त्या पुस्तकावर मॅडम डॉक्टर झाल्या.

पाटीवर नाव होतं माझ्या मामाचं.

मामा टेम्पो चालवायचा. बत्तीस वर्षांपूर्वी संग्रहालयाने ते गोणपाट मागवलं, तेव्हा मामानेच ते डोंगरावरून खाली आणलं. गेटवर फॉर्म होता. फॉर्मवर नावासाठी एकच रेघ होती. चार बहिणी डोंगरावर, मामा गेटवर, मागे गाड्यांची रांग, रखवालदार म्हणतोय लवकर आटप. मामाने सही ठोकली आणि निघाला. त्या सहीवरून नोंदपुस्तकात नाव चढलं, नोंदपुस्तकातून पाटीवर आलं, पाटीवरून मॅडमच्या पुस्तकात. आता मामाला तिथे 'आद्यचित्रकार' म्हणतात. 'प्रसिद्धीपासून दूर राहिलेले आद्यचित्रकार', कारण संग्रहालयाच्या पत्रांना तो कधी उत्तर देत नाही. देईल कसा? त्याला वाटायचं, वाटेत त्या मालाचं काही तुटलं-फुटलं असणार आणि हे भरपाई मागतायत. पाकिटं न फोडता तो टेम्पोच्या खिडकीत काच हलू नये म्हणून घालायचा.

तो काळा ठसा? ग्रीसचा. टायर बदलून हात न पुसता मामाने गोणपाट उचललं होतं.

तुम्ही म्हणाल, अकरा वर्षं तोंड शिवलं होतं का? नव्हतं. कामाला लागले त्याच आठवड्यात सांगितलं. "लेखी दे" म्हणाले. तीनदा लेखी दिलं. उत्तर आलं, "आपल्या भावना नोंदवून घेतल्या आहेत." भावना! मी नावं लिहून दिली होती. तिसऱ्या वेळेनंतर आस्थापनेतल्या एकाने जाता जाता विचारलं, "तुझी मुदतवाढ याच महिन्यात असते ना?" त्यानंतर मी भिंतीला भोकं पाडत बसले. तोवर मोठी मावशी गेली, मग दुसरी, मग धाकटी. राहिली एकटी आई.

मुलाखतीच्या दिवशी मला पहिल्यांदा "या, बसा" म्हणाले. पाच जणांचं मंडळ. मधे मॅडम. त्यांच्या डावीकडे कायदेवाला आणि आस्थापनेची बाई. उजवीकडे एक संशोधक, ज्याला मी मनात 'चारमहिने' म्हणते, कारण तो आमच्या डोंगरावर चार महिने राहिला होता आणि ते सांगितल्याशिवाय त्याला चहाही मागता येत नाही. आणि टोकाच्या खुर्चीत मामा.

योजनेत नियमच होता की मंडळावर समाजातला एक ज्येष्ठ कलावंत हवा. म्हणून गाडी पाठवून त्यांनी आद्यचित्रकारांना घरून उचलून आणलं होतं. छातीवर बिल्ला, पुढ्यात पाण्याची बाटली, इस्त्रीच्या शर्टात मामा असा बसला होता जसा वाहतूक पोलिसाने बाजूला घेतलेला माणूस बसतो.

"ओळख आहे का आपली?" मॅडमनी माझ्याकडे बोट करून त्याला विचारलं.

"भाची आहे," मामा म्हणाला. मग घाबरून, "पण मी मार्क बरोबर देईन."

"किती निरागस!" मॅडम बाकीच्यांकडे बघून म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. त्यांनी त्याच पटाचा फोटो पुढे सरकवला. "या कृतीत तुम्हाला काय दिसतं? मोकळेपणाने सांगा."

मोकळेपणाने म्हणजे त्यांचं पुस्तक म्हणून दाखवा. मला ते पाठ आहे, प्रस्तावनेसकट. गुरुत्वाकर्षणाला नकार असं म्हटलं असतं तर त्याच दिवशी खुर्ची माझी होती.

मी फोटो उचलला आणि टेबलावर आडवा ठेवला. "ही बाजू मोठ्या मावशीची. तिला बकऱ्या जमायच्या. ही दुसरीची, ती सगळ्यांची भांडणं काढायची. ही धाकटी. आणि बाळंतपण काढलंय ते माझ्या आईने. त्या बाळंतपणात आहे ती मी."

चारमहिनेने वहीत काहीतरी लिहिलं.

"आणि आद्यचित्रकार?" मॅडमनी विचारलं.

"ते टेम्पो चालवत होते."

चारही माना टोकाच्या खुर्चीकडे वळल्या. मामाने बाटलीचं झाकण उघडलं, बंद केलं, परत उघडलं. "मॅडम, मी आधीच सांगणार होतो. पण तुम्ही गाडी पाठवलीत, नाश्ता दिलात, मला वाटलं आता आणखी विषय कशाला वाढवा. मी फक्त पोचवलं. तुटलं-फुटलं काही नव्हतं, पोचलं तेव्हा चांगलं होतं."

"आपण फारच विनम्र आहात," मॅडम म्हणाल्या.

"विनम्र कसला? मला सरळ रेघ येत नाही. रस्त्यावर येते, कागदावर नाही."

"आमच्या डोंगरावर," चारमहिने म्हणाला. आमच्या! "मी चार महिने राहिलो तेव्हा पाहिलं, तिथे 'मी केलं' असं कुणी म्हणतच नाही. कर्तेपणाचा त्याग."

"तू राहिला होतास तेव्हा तुझी भांडी कोण घासायचं?" मामाने विचारलं. "माझी धाकटी बहीण. ती रोज म्हणायची, मीच घासते, मीच घासते. तुला ऐकू नाही आलं?"

मला हसू आवरलं नाही. तिथेच माझे दहा मार्क गेले असणार.

पण गोष्ट तिथे मेली नाही, कारण कायदेवाला हजर होता आणि ती त्याने लिहून घेतली. दुसऱ्या दिवशी मला आणि मामाला त्याच्या खोलीत बोलावलं. मॅडम खिडकीशी उभ्या. कायदेवाल्याने नियमावली उघडली. नवी होती, योजनेबरोबरच आलेली. आदिवासी कलावंतांवर अन्याय होऊ नये म्हणून.

"नियम सतरा," तो म्हणाला. "कलाकृतीच्या पाटीत कोणताही बदल करायचा तर मूळ कलावंताची लेखी संमती लागते."

"मग द्या कागद," मामा म्हणाला. "देतो सही. माझी सही तुमच्याकडे चालते, अनुभव आहे."

"तीच तर अडचण आहे. आपण सही करणार की आपण कलावंत नाही. पण आपण कलावंत नसाल तर आपली संमती ग्राह्य नाही. आणि ग्राह्य असेल, तर आपण कलावंत आहात."

मामाने खुर्ची माझ्याकडे वळवली. मग मला म्हणाला, "पोरी, घाटात असं झालं ना, की पुढचा मागे घेत नाही आणि मागचा पुढे सोडत नाही, तर आम्ही खाली उतरून दगड हातात घ्यायचो."

"मामा!"

"घेत नाहीये. सांगितलं फक्त."

मॅडम खिडकीतून वळल्या. आवाजात साय आणली. "हे बघ. बघा. माझा कशालाच विरोध नाही. समजा, उद्या आपण पाटी बदलली. पण संगणकात कलावंताच्या रकान्यात एकच नाव मावतं. चार बसत नाहीत. तर त्या चौघींतली मुख्य कोण, एवढं सांगा. तुमच्या आई हयात आहेत. त्यांचं लावू. काय हरकत आहे?"

हरकत काय होती? मला तर त्या क्षणी वाटलं, झालं! आईचं नाव. आईला हाताला धरून आणीन, पाटीपुढे उभी करीन, मोठ्याने वाचून दाखवीन.

घरी आई भाजी निवडत बसली होती. हल्ली ती डोळ्यांपेक्षा बोटांनीच निवडते. मी सगळं सांगितलं.

"मुख्य म्हणजे?" तिने विचारलं.

"म्हणजे जिने जास्त केलं ती."

"जास्त मोठीने केलं. पण चांगलं धाकटीचं होतं. आणि दुसरी नसती तर आम्ही बसलोच नसतो, गोणपाट तिनेच मिळवलं कुठून तरी." तिने एक देठ मोडलं. "माझंच नाव का? जिवंत राहिले म्हणून? हे काय कर्तृत्व आहे?"

"आई, निदान एक तरी खरं नाव लागेल."

"एकटीचं लावलंस तर वर गेल्यावर तिघी मला दारातच धरतील. मोठीचं तोंड तुला माहीत नाही. त्यापेक्षा भावाचंच असू दे. त्याच्यावर निदान कुणाचा राग नाही, तो बिचारा गाडी चालवत होता." मग थोड्या वेळाने, "चौघी लाव. नाही तर राहू दे. मला काय, आता धड दिसत पण नाही."

हे शेवटचं वाक्य तिने सहज म्हटलं. मला रात्रभर पुरलं.

मी मॅडमना जाऊन सांगितलं, चार नावं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"पद तुमचंच आहे," त्या म्हणाल्या. "पत्र तयार आहे, हे बघा. योजनेचं उद्घाटन पुढच्या सोमवारी. पट मोठ्या दालनात लागेल, आद्यचित्रकार प्रमुख पाहुणे, आणि आमच्या पहिल्या आदिवासी सहायक संग्रहपाल, म्हणजे तुम्ही, आद्यचित्रकारांवरचा परिच्छेद वाचणार. बस. पाटीसाठी आपण समिती नेमू. तुम्हीच तिच्या सदस्य."

"आणि परिच्छेदात काय आहे?"

"पुस्तकातलाच आहे. तिसरं प्रकरण."

"ग्रीसचं?"

त्यांच्या कपाळावर शीर उठली. "तुम्हा लोकांना संधी दिली ना," असं वाक्य त्यांनी सुरू केलं आणि दाताखाली धरलं. पुरं झालं नाही तरी मला सबंध ऐकू आलं. अकरा वर्षांत मी ते बऱ्याच जणांच्या दाताखाली पाहिलंय.

"वाचणार नाही," मी म्हटलं.

"नीट विचार करा."

"केला. आधी पाटी, मग खुर्ची."

बुधवारी पद चारमहिनेला मिळालं. योजनेत एक पोटनियम निघाला, 'समाजातील उमेदवार, अथवा समाजाशी सखोल आत्मीयता असलेला उमेदवार'. चार महिन्यांची आत्मीयता. मला आस्थापनेच्या बाईने हसत सांगितलं की मुदतवाढ यंदा होणार नाही, पण सोमवारचं टांगून जा, तेवढं तुझ्याइतकं नीट कुणाला जमत नाही. पुन्हा 'तू' झालं होतं. बरं वाटलं, उगाच ताण नाही.

सोमवारी सकाळी मी आईला घेऊनच गेले. मामा प्रमुख पाहुणा, त्याची गाडी दोन तास आधीच आली होती. मी दोन नंबरच्या दालनात पट उतरवत होते. एकटीला उचलत नाही, दुसरा माणूस लागतो.

"थांब, मी धरतो," मामा म्हणाला. "तेव्हा एकट्याने चढवला होता."

"हातमोजे घाल, मामा. नाही तर अजून एक प्रकरण लिहितील."

दोघांनी मिळून तो मोठ्या दालनात नेला. भिंतीवर मी शनिवारीच भोकं पाडून ठेवली होती, प्लग ठोकलेले, स्क्रू बाहेर डोकावणारे. मी भिंतीकडे बघितलं, मामाकडे बघितलं. त्याने काही विचारलं नाही. मी दालनाच्या मधोमध पांढरी चादर पसरली आणि पट तिच्यावर आडवा ठेवला. माणसं चारी बाजूंनी आपापल्या पायांवर उभी राहिली. बत्तीस वर्षं डोक्यावर उभी असलेली विहीर सरळ झाली.

"आई, ये."

आई वाकली, चादरीवर हात टेकला, आणि पटाच्या कडेने रांगत निघाली. मला वाटलं ती पडेल. एका बाजूला थांबली, बोटं गोणपाटापासून वीतभर वर फिरवली. "ही दुसरी." पुढे सरकली. "ही मोठी. बघ, कशी जागा अडवून बसलीय." तिसऱ्या बाजूला आली आणि मांडी घालून बसली. ती तिची जागा होती.

आम्हा टांगणाऱ्यांकडे निळी चिकटपट्टी असते, टांगण्याआधी भिंतीवर खुणा करायला. ती सहज निघते, रंग उचलत नाही. मी तिचे चार तुकडे फाडले, जाड पेनाने त्यांवर चार नावं लिहिली आणि जमिनीवर चारी बाजूंना एकेक चिकटवलं. मामाच्या नावाची पाटी मी बसवली नाही. ती माझ्या खिशात होती.

अकराला दार उघडलं. पुढे मॅडम, मागे पाहुणे, त्यांच्या मागे फोटोवाले, आणि हातात परिच्छेद घेतलेला चारमहिने. मॅडमनी आधी भिंत बघितली. रिकामे स्क्रू. मग सगळ्यांबरोबर त्यांची नजर खाली आली.

मला वाटलं, आता आरडाओरडा. पण मागून एक पाहुणी म्हणाली, "अगं बाई! जमिनीवर! काय कल्पना आहे!" आणि फोटोवाल्यांनी गुडघे टेकले. मॅडम मला एवढंच म्हणाल्या, ओठ न हलवता, "पट्ट्या काढ." पण तोवर लोक वाकले होते. नावं वाचायची तर वाकावंच लागत होतं, आणि सगळी वाचायची तर चालत चारी बाजूंना जावं लागत होतं. फोटोत पट्ट्या आल्या. मॅडमनी चेहरा पाहुण्यांकडे वळवला आणि सांगायला सुरुवात केली की जमिनीवरच्या या मांडणीचा विचार त्या कित्येक वर्षं करत होत्या.

करत असतील. मला त्याचं काही नाही.

चारमहिनेने परिच्छेद उघडला आणि तिसऱ्या प्रकरणाला सुरुवात केली. "आद्यचित्रकाराने आपलं अस्तित्व..." तेवढ्यात ती मघाची पाहुणी आईशेजारी उकिडवी बसली.

"आजी, यांतले आद्यचित्रकार नेमके कुठे बसायचे?"

आईने मान वर केली. डोळे बारीक करून शोधलं. मामा दारापाशी उभा होता, छातीवर बिल्ला, हातात अजून माझे हातमोजे.

"तो होय? तो नाही बसायचा. त्याला एका जागी बसणं कधी जमलंच नाही," आई म्हणाली. चारमहिने वाचायचा थांबला होता, त्यामुळे सगळ्या दालनाला ऐकू गेलं. "तो माझा भाऊ. टेम्पो चालवायचा. चांगला चालवायचा हं, एवढ्या उतारावरून आणलं पण कुठे फाटलं नाही."

मामाने बिल्ला काढला आणि खिशात टाकला. त्याचा चेहरा असा मोकळा मी पहिल्यांदाच पाहिला.

दुपारी मी माझी ड्रिल, लेव्हल आणि हातोडी पिशवीत भरली. शिडी त्यांची, ती ठेवून आले. ऐकते की पट अजून जमिनीवरच आहे, कारण वर टांगला तर मॅडमना आपलीच कल्पना खोडावी लागेल. पट्ट्या काढायला झाडूवालीला दोनदा सांगितलं म्हणे. ती माझ्याच डोंगराची. दोन्ही वेळा विसरली. एक पट्टी कोपऱ्यात सुटायला लागली, तर तिने थुंकी लावून परत दाबली.

ती चार नावं मी इथे लिहिलेली नाहीत. तुम्हाला हवी असतील तर तिकडे जा, आणि वाकून वाचा.